कागदांची जुळवाजुळव आणि नागरिकत्वाचे मोल

२०२५ च्या नोव्हेंबरात गोव्यात मतदारयाद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले, तेव्हा घरोघरची जुनी कपाटे उघडली गेली. वडिलांचे नाव मागील यादीत कोणत्या अक्षरांनी लिहिले आहे, आईचे माहेरचे नाव काय, आजोबांच्या जन्माची नोंद कोणत्या तालुक्यात सापडेल, अशा प्रश्नांनी भल्याभल्यांची धांदल उडाली. काही घरांत मात्र फारशी शोधाशोध करावी लागली नाही. तेथे एक जाडजूड फाईल कधीच तयार होऊन बसली होती. आजोबांच्या जन्मनोंदीची संपूर्ण नक्कल, आजी-आजोबांच्या विवाहाचा दाखला, वडिलांचा जन्मदाखला, नावांतील फरकांविषयीची शपथपत्रे, असे सारे काही तीत क्रमवार लावलेले होते. ही फाईल भारताच्या निवडणूक आयोगासाठी केलेली नव्हती; ती लिस्बनसाठी केलेली होती.

भारताच्या मतदारयादीत नाव राखण्यासाठी आणि परदेशाचे नागरिकत्व मिळवण्यासाठी एकाच फाईलीतून कागद काढावे लागावेत, या योगायोगाकडे केवळ गंमत म्हणून पाहता येणार नाही. गोमंतकाच्या गेल्या शतकाचा इतिहास आणि आजचे एक अनुत्तरित कोडे, दोन्ही त्या फाईलीत एकत्र बांधलेली आहेत. म्हणून तिच्याकडे थोडे बारकाईने पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ही फाईल कशी तयार होते, ते प्रथम पाहू. गोवा, दमण आणि दीव येथे १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांचे पोर्तुगीज नागरिकत्व पोर्तुगालच्या कायद्याने पुसून टाकलेले नाही. १९८१ च्या पोर्तुगीज नागरिकत्व कायद्यान्वये पोर्तुगीज माता किंवा पित्याचे परदेशी जन्मलेले अपत्य आपल्या जन्माची पोर्तुगीज दप्तरात नोंद करवून नागरिक ठरू शकते. म्हणजे ही साखळी आहे. आधी आजोबांचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात उतरवायचा, मग त्यांचा विवाह, मग वडिलांचा जन्म, मग वडिलांचा विवाह आणि सरतेशेवटी आपला जन्म. एक कडी कच्ची निघाली की पुढच्या साऱ्या कड्या अडतात. आजोबा हयात नसले तरी त्यांची नोंद हयात असली पाहिजे! ती तालुक्याच्या नागरी नोंदणी कार्यालयात किंवा पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज भाषेतील झोकदार हस्ताक्षरात निजलेली असते. तिची शब्दशः नक्कल काढायची, तिच्यावर राज्य शासनाचे साक्षांकन घ्यायचे, नंतर केंद्राच्या परराष्ट्र खात्याचे अपोस्टिल लावून घ्यायचे, इंग्रजी कागदांचा पोर्तुगीज अनुवाद करवायचा आणि मग वाट पाहत बसायचे, असा हा महिनोन्महिन्यांचा, कित्येकदा वर्षानुवर्षांचा उद्योग आहे.

यांत खरी अडचण येते ती नावांची. पोर्तुगीज अमदानीतील कारकुनाने आपल्या कानांना जे ऐकू आले ते आपल्या लिपीत लिहिले. त्या लिपीत ‘के’ आणि ‘वाय’ या अक्षरांना थारा नव्हता आणि ‘श’ साठी ‘एक्स’ वापरला जाई. त्यामुळे शेणव्याचा सिनाय झाला, कामताचा कामोतिम झाला, प्रभूचा पोरोबो झाला आणि शंकराला तर स्वतःचे नाव स्वतःलाच ओळखता येऊ नये असे रूप मिळाले. मुक्तीनंतर शाळा मराठी-इंग्रजीच्या झाल्या, तेव्हा त्याच घरातील मुलाचे आडनाव हजेरीपटावर निराळ्या अक्षरांत चढले. लग्नानंतर सुनेचे नाव बदलण्याची आमच्या हिंदू घरांतील चाल. म्हणून जन्मनोंदीतील गंगा विवाहानंतर सावित्री होते आणि मृत्यूच्या दाखल्यावर तिसरेच नाव असते. ख्रिस्ती घरांत बाप्तिस्म्याचे लांबलचक नाव चर्चच्या वहीत, अर्धे नाव नागरी दप्तरात आणि घरगुती नाव शेजारपाजारात अशी वाटणी झालेली असते. गुरुजींनी शाळेत घालताना सोयीस्कर जन्मतारीख लिहून टाकली असेल, तर तो घोळ वेगळाच. विवाहाची गत तर याहून नाजूक! आमच्याकडील नागरी विवाहात पहिल्या सहीने फक्त इरादा नोंदवला जातो, विवाह पुरा होतो तो नंतरच्या नोंदीने. पहिल्या सहीलाच लग्न समजून संसार थाटलेली जोडपी आहेत. त्यांच्या नातवंडांना लिस्बनची फाईल करताना प्रथमच कळते, की दप्तराच्या दृष्टीने आजी-आजोबांचे लग्न झालेलेच नाही.

अशा फाईलीमागे घराघरांतील माणसे जी चिकाटी दाखवतात ती खरोखर स्तिमित करणारी आहे. सातवी-आठवीपलीकडे न गेलेला तारवटी एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी चारदा तालुक्याला खेपा घालतो, वकील गाठतो, वर्तमानपत्रात जाहिरात देतो, दिवाणी न्यायालयाची पायरी चढतो. ‘चालायचेच’ असे तो कुठेही म्हणत नाही. मात्र एवढ्या काटेकोरपणे कागद जुळवणाऱ्या या माणसास एक साधा प्रश्न विचारावा: “या फाईलीच्या शेवटी तुम्ही भारताचे नागरिक उरणार की नाही, आणि नसाल तर नेमके कोणत्या दिवसापासून?” बहुतेक वेळा उत्तर मिळते ते असे: “एजंट म्हणतो, काही होत नाही.” आमच्या मते या साऱ्या प्रकरणाचे मर्म येथे आहे. फाईलीत सारे कागद असतात. आपण काय सोडतो आहोत याची जाणीव देणारा कागद तेवढा नसतो. तो एजंट मागत नाही, लिस्बन मागत नाही आणि दुर्दैवाने भारत सरकारही वेळेवर मागत नाही.

ज्या नोंदवहीवर हा सारा डोलारा उभा आहे ती कोणाची, हेही विसरून चालणार नाही. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, तेव्हा येथील हिंदूंना कायद्यापुढे समानतेची पहिली चव मिळाली. नागरी नोंदणी धर्मपीठाच्या हातून निघून सर्वांसाठी एक झाली. परंतु सालाझारच्या राजवटीत १९३० च्या वसाहत कायद्याने गोमंतकीयांस पुन्हा दुय्यम पायरीवर बसवले. पुढे जगाचे वारे बदलताच १९५१ मध्ये घटनेत फेरफार करून ‘वसाहती’चे ‘सागरपार प्रांत’ झाले आणि गोवेकर हे जन्मतः पोर्तुगीज आहेत, अशी द्वाही लिस्बनने जगभर फिरवली. त्या दाव्याविरुद्ध आमची माणसे उभी राहिली. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हांना त्यासाठी १९४६ मध्ये पकडून पोर्तुगालच्या पेनिशच्या किल्ल्यात धाडण्यात आले. १९५४-५५ च्या सत्याग्रहांत शेकडोंनी लाठ्या खाल्ल्या, आग्वादचे तुरुंग भरले. जन्मनोंद पोर्तुगीज दप्तरात आहे म्हणून माणूस पोर्तुगीज ठरत नाही, हे त्या पिढीने आपल्या अंगावर वळ उमटवून सांगितले. आज त्याच दप्तरातील तीच नोंद, त्याच पिढीची नातवंडे, त्याच दाव्याच्या आधाराने लिस्बनपुढे ठेवीत आहेत!

हे वाक्य लिहिताना मनास यातना होतात, हे आम्ही लपवीत नाही. तथापि यातना म्हणजे युक्तिवाद नव्हे. नातवाला दोष देण्यापूर्वी दुसरी एक घटना आठवली पाहिजे.

मुक्तीनंतर २८ मार्च १९६२ रोजी केंद्र सरकारने गोवा, दमण व दीवसाठी नागरिकत्वाचा आदेश काढला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी जो स्वतः येथे जन्मला, किंवा ज्याच्या माता-पित्यांपैकी वा आजी-आजोबांपैकी कोणी येथे जन्मले, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक झाला. ज्याला हे नको असेल त्याने एका महिन्यात तसे लेखी जाहीर करावे, अशी मुभा त्यात होती. मोन्सिन्योर सेबास्तियांव फ्रान्सिस्को शावियेर दोस रेमेदियोस मोंतेरो या धर्मगुरूंनी ती मुभा घेतली. पोर्तुगीज नागरिकत्व राखीत असल्याचे त्यांनी लिहून दिले. पुढे त्यांच्या वास्तव्याच्या तात्पुरत्या परवान्याची मुदत संपली, देश सोडण्याचा हुकूम झाला, तो त्यांनी मानला नाही, खटला होऊन शिक्षा झाली. गोवा हा व्याप्त प्रदेश असून जिनिव्हा करारांचे संरक्षण आपणास आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च १९६९ रोजी ते फेटाळले. न्यायालयाचा तो निर्णय योग्यच होता. मोंतेरोंची निष्ठा जिथे होती तिथे आमची कधीच नव्हती. तरीही एक गोष्ट त्यांच्या पदरात घातलीच पाहिजे. आपण काय निवडतो आहोत हे त्या माणसाला ठाऊक होते, ते त्याने आपल्या सहीनिशी लिहून दिले आणि त्याचे मोलही मोजले. त्या वेळी सरकारनेही पर्याय स्पष्ट ठेवला होता. मुदत ठरलेली, नमुना ठरलेला, परिणाम ठरलेला. पुढच्या साठ वर्षांत दोन्ही बाजूंचा हा सरळपणा कुठे गेला?

आजचा कायदा काय म्हणतो? १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ अन्वये, जो भारतीय नागरिक स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व संपादन करतो, त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. ते संपादन झाले की नाही, कधी झाले, हे ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे. २००९ च्या नियमांच्या तिसऱ्या परिशिष्टात असेही म्हटले आहे, की एखाद्याने परदेशाचे पारपत्र घेतले, तर त्या तारखेपूर्वी त्याने त्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले होते याचा तो निर्णायक पुरावा समजावा. हीच तरतूद आधीच्या नियमांतही होती व सर्वोच्च न्यायालयाने ती १९६२ साली इझहार अहमद खान यांच्या खटल्यात वैध ठरवली. म्हणजे पोर्तुगीज पारपत्र हाती आले की वाद संपला. पण ‘त्या तारखेपूर्वी’ म्हणजे केव्हा? जन्माची नोंद लिस्बनला उतरली तेव्हा? ओळखपत्र मिळाले तेव्हा? की पारपत्रासाठी अंगठा दिला तेव्हा?

येथे दोन देश एकच कागद दोन रीतींनी वाचतात. पोर्तुगालच्या दृष्टीने गोव्यातील आजोबा मुळातच पोर्तुगीज होते. नातवाला दिलेले नागरिकत्व हे जन्मसिद्ध हक्काला दिलेली मान्यता होय, नवे दान नव्हे. भारताच्या दृष्टीने तोच नातू जन्मापासून भारतीय आहे आणि त्याने अर्ज करून परक्या देशाचे नागरिकत्व मिळवले आहे. एजंट लोक पहिला अर्थ गिऱ्हाइकास ऐकवतात: “तुमचे जे होतेच तेच कागदावर आणतो आहोत.” पारपत्र कार्यालय दुसरा अर्थ लावते. या दोन अर्थांच्या मधल्या पट्टीत गोव्याची हजारो कुटुंबे उभी आहेत. कोणाची केवळ जन्मनोंद झाली आहे आणि पुढे त्यांनी काही केलेले नाही. कोणाची नोंद वडिलांनी परस्पर करून ठेवली आहे. कोणी ओळखपत्र घेऊन पेटीत ठेवले आहे आणि गावच्या पंचायतीत निवडूनही आले आहेत. लोकप्रतिनिधींच्या नागरिकत्वावरून तक्रारी, चौकश्या व दावे झाले, ते याच धुक्यामुळे.

या धुक्याचे मोल भाषणांत मोजले जात नाही, ते संसारांत मोजले जाते. परदेशी नागरिक ठरलेल्यास मतदानाचा हक्क नाही, सार्वजनिक पद नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. त्याने भारतीय पारपत्र वापरीत राहणे हा तर गुन्हा आहे. १९६७ च्या पारपत्र कायद्यात त्यास शिक्षा सांगितली आहे. ‘भारताचा परदेशस्थ नागरिक’ म्हणून नोंद झाली, तर गावच्या घरी येण्याजाण्याची व राहण्याची मुभा राहते. मात्र त्या नोंदीसाठी पूर्वीचे भारतीय पारपत्र रीतसर परत केल्याचा दाखला लागतो. ज्याने परत करण्याऐवजी दोन्ही पारपत्रे खिशात ठेवली आणि ज्याचे भारतीय पारपत्र मग सरकारनेच रद्द केले, त्याला हा दाखला मिळावा कुठून? त्याची म्हातारी आई साष्टीतील वा बार्देशातील जुन्या घरात एकटी असते आणि मुलगा मात्र स्वतःच्या गावी व्हिसा काढून, पाहुण्यासारखा, मुदतीपुरता येतो. कागदाच्या एका चुकीने माणूस आपल्याच उंबरठ्यावर परका होतो, तो असा.

किती माणसे आहेत ही? माहिती अधिकारात उपलब्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे २०११ ते २०२२ या काळात देशातील पारपत्र कार्यालयांत एकंदर ६९,३०३ भारतीय पारपत्रे परत करण्यात आली. त्यांपैकी २८,०३१ एकट्या गोव्यात होती, म्हणजे शंभरातील चाळीस! २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत गोव्याचा वाटा हजारी जेमतेम सव्वा होता. आणि हे आकडे प्रामाणिकपणे पारपत्र परत करणाऱ्यांचे आहेत. ज्यांनी ते केलेच नाही, त्यांची गणती यात नाही.

या आकड्यांवर बोट ठेवून गोवेकरांच्या देशनिष्ठेवर शंका घेणारे थोडे नाहीत. काहीजण तर या प्रश्नास धर्माचा रंग फासू पाहतात. नोंदणी कार्यालयाच्या ओसरीवर तासभर उभे राहून रांगेतील नावे ऐकली, तरी त्यांचा गैरसमज दूर होईल. तेथे नाईक असतात, गावकर असतात, फर्नांडिस असतात, शेख असतात. दमण आणि दीवचे किती तरी लोक याच वाटेने इंग्लंडातील लेस्टरला जाऊन वसले आहेत. पुण्यामुंबईचा अभियंता अमेरिकेत जातो, रीतसर तेथील शपथ घेतो, आणि त्याच कलम ९ ने त्याचेही भारतीय नागरिकत्व संपते. त्याच्या यशाची बातमी छायाचित्रासह छापून येते. मग बोटीवर राबलेल्या खलाशाच्या मुलाने गोदामात काम मिळवण्यासाठी तेच केले तर तो देशद्रोही कसा? खाणी २०१२ मध्ये थांबल्या, सुरू होऊन २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक आणि बार्जी किनाऱ्याला लागल्या. सरकारी नोकरीसाठी आमदाराच्या दारी खेटे घालण्याची रीत तर आम्हीच रूढ केली. अशा भूमीत तरुणाला आजोबांचा जन्मदाखला हीच सर्वांत मोलाची इस्टेट वाटू लागली, यात त्याच्या इतकाच दोष आमच्या राज्यकर्त्यांचाही आहे.

या इस्टेटीचा भावही स्थिर नाही. गोवेकराला हवे होते ते लिस्बन नव्हतेच. त्या वाटेने त्याला साउथॉल आणि स्विंडनला पोहोचायचे होते. ब्रिटन युरोपीय संघातून ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडले, वर्षअखेरीस संक्रमणकाळ संपला आणि पोर्तुगीज पारपत्रावर नव्याने ब्रिटनमध्ये कामाला जाण्याची वाट बंद झाली. जे आधी पोहोचले होते व ज्यांनी मुदतीत अर्ज केले, त्यांना वास्तव्याचा हक्क मिळाला. आता त्यांची मुले-माणसे दुसरी फाईल करीत आहेत, ती ब्रिटिश नागरिकत्वाची. तिच्यात पाच वर्षांचा एकेक प्रवास लिहावा लागतो. त्या काळात देशाबाहेर साडेचारशेहून अधिक दिवस, आणि शेवटच्या वर्षात नव्वदाहून अधिक दिवस, काढलेले साधारणपणे चालत नाहीत. म्हणजे आईच्या आजारपणात, घरच्या चतुर्थीला, गावच्या फेस्ताला घालवलेला दिवसन्‌दिवस मोजून दाखवावा लागतो. इंग्रजीचा दाखला, त्या देशाच्या इतिहासाची व रीतीरिवाजांची परीक्षा, चारित्र्याविषयी दोन प्रतिष्ठितांची साक्ष, हे सारे वेगळेच. पुन्हा नावाचा प्रश्न येतोच. भारतीय दाखल्यावरील नाव, पोर्तुगीज ओळखपत्रावरील नाव आणि पगारपत्रकावरील नाव एकच माणसाचे आहे, हे पटवावे लागते.

परंतु त्या दुसऱ्या फाईलीच्या शेवटी एक समारंभ असतो. नगरपालिकेच्या सभागृहात उभे राहून, मोठ्याने, राजनिष्ठेची व देशनिष्ठेची शपथ घ्यावी लागते. तो दिवस, ती वेळ, ते शब्द माणसाच्या स्मरणात राहतात. आपण कोणाचे झालो, हे त्याला कळते. याच्या उलट भारताचे नागरिकत्व सुटते ते कसलाही आवाज न करता, हजारो मैलांवरील एका कचेरीत, कारकुनाने एक नोंद उतरवली त्या क्षणी किंवा त्याच्या मागेपुढे कधीतरी. ज्या नागरिकत्वासाठी एका पिढीने तुरुंगवास पत्करला, ते कोणत्या दिवशी हातून गेले याची तारीखही ज्याचे त्याला सांगता येऊ नये, ही आम्हांस सर्वांत मोठी विटंबना वाटते. त्या माणसाच्या जाण्याहून ही विटंबना मोठी आहे.

यावर उपाय नाहीत असे नाही. पहिली जबाबदारी केंद्र सरकारची. लिस्बनमधील जन्मनोंद, ओळखपत्र आणि पारपत्र या तीन पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर भारतीय नागरिकत्व संपते, हे गोवा, दमण व दीवपुरते का होईना, एकदा स्वच्छ शब्दांत जाहीर झाले पाहिजे. अल्पवयीन असताना पालकांनी ज्यांची नोंद केली आणि ज्यांनी पुढे त्या नोंदीचा कसलाही लाभ घेतला नाही, त्यांना १९६२ प्रमाणे ठराविक मुदतीत लेखी निवड करण्याची संधी द्यावी. ज्यांची पारपत्रे रद्द झाली, त्यांना दंड जरूर करा, पण दंड भरल्यावर परदेशस्थ नागरिक म्हणून नोंद करून घेण्याचा मार्ग मोकळा ठेवा. चुकीला शिक्षा असावी, परंतु आईबापाच्या घरी येण्याला आजन्म अटकाव ही त्या चुकीच्या मानाने अवाजवी शिक्षा होय.

दुसरी जबाबदारी राज्य शासनाची. जुन्या नोंदवह्या म्हणजे गोव्याच्या प्रजेची सामूहिक वंशावळ आहे. त्या कुरतडल्या जाऊ नयेत, त्यांत खाडाखोड होऊ नये, पाने बदलली जाऊ नयेत, यासाठी कडेकोट व्यवस्था हवी. बनावट दाखल्यांची प्रकरणे पोलिसांपर्यंत गेलेली आहेत. प्रत्येक बनावट दाखल्यागणिक शंभर खऱ्या दाखल्यांवर संशय येतो. नावातील किरकोळ फरकांच्या दुरुस्तीसाठी माणसाला न्यायालयापर्यंत धावावे लागू नये. आणि सर्वांत सोपी, बिनखर्चाची गोष्ट म्हणजे परदेशी नागरिकत्वासाठी जन्मनोंदीची नक्कल मागणाऱ्या प्रत्येकाच्या हाती, मराठीत, कोंकणीत आणि इंग्रजीत छापलेला एक कागद द्यावा. कलम ९ काय सांगते, पारपत्र कधी व कुठे परत करायचे, मतदारयादीतून नाव कसे कमी करायचे, परदेशस्थ नागरिक म्हणून नोंद कशी करायची, घराजमिनीचे काय होते, एवढे त्यावर असावे. तो वाचून अर्जदाराने सही करावी आणि एक प्रत आपल्या फाईलीत लावावी. मग एजंटाच्या “काही होत नाही”ला जागा उरणार नाही.

तिसरी जबाबदारी ज्याची फाईल आहे त्याची. त्याला आम्ही जाऊ नको म्हणणार नाही. गोवेकर मुंबईला गेला, कराचीला गेला, नैरोबीला गेला, कुवेतला गेला. पोटासाठी समुद्र ओलांडणे ही या किनाऱ्याची जुनी रीत आहे, आणि परगावी राबून त्याने पाठवलेल्या पैशांवर येथील घरे, शाळा, देवळे व चर्च उभी राहिली. पण जाताना त्याने दोन्ही डगरींवर पाय ठेवू नयेत. लिस्बनची फाईल करताना ज्या काटेकोरपणे त्याने आजोबांच्या नावातील एक अक्षर दुरुस्त केले, तेवढ्याच काटेकोरपणे भारताचे पारपत्र परत करावे, मतदारयादीतून आपले नाव काढून घ्यावे, आणि मुलांना खरी गोष्ट सांगावी. दुसऱ्या देशाचा नागरिक झाल्यावर गावच्या मतपेटीत मत टाकणे हे शेजाऱ्याच्या मताचे मोल कमी करणे आहे, मग तो शेजारी कितीही ओळखीचा असो.

मोंतेरोंनी १९६२ मध्ये जे लिहून दिले ते आमच्या मताविरुद्ध होते, पण त्यावर तारीख होती आणि सही होती. आज घराघरांत तयार होणाऱ्या फाईलींत तेवढा एक कागद असावा, ही मागणी मोठी नाही. तो कागद देण्याची व्यवस्था दिल्लीने आणि पणजीने मिळून करावी आणि पुढची मतदारयादी तयार होण्यापूर्वी करावी. तोवर नोंदणी कार्यालयाच्या ओसरीवर उभ्या असलेल्या तरुणाला देशप्रेमाचे धडे देण्याचा अधिकार दोघांपैकी कोणालाही नाही.